स्वीपरचा शनिवार

पहाटे साडेपाच

एस्टेट सेलचं घर नऊला उघडतं, पण दारावरच्या कागदावर नाव लिहायला पहाटेच जावं लागतं. आमच्या ओहायोत हा रिवाज पक्का आहे. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलेलं असतं, मुलं दूरच्या राज्यांत. मग एक कंपनी येते, चमच्यांपासून कपाटांपर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लावते आणि दोन-तीन दिवसांत घर रिकामं करते. जाहिरातीतल्या एका फोटोत तळघराच्या जिन्याखाली, इस्त्रीच्या टेबलामागे, कापडी पिशवीचा वरचा भाग आणि दांड्याची मूठ दिसली होती. मला तेवढं पुरतं. थर्मासात चहा भरला आणि निघाले.

मी जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवते. नुसते मांडून ठेवत नाही. दुरुस्त करते, चालवते आणि एकमेकांशी ताडून पाहते. आयुष्य टूल डिझाइनमध्ये गेलं, त्यामुळे ‘छान चालतं’ या शब्दांवर माझा विश्वास बसत नाही. किती छान आणि कशापेक्षा छान, ते वजनकाट्यावर दिसलं पाहिजे.

नऊ

दार उघडलं की बहुतेक लोक दागिने आणि काचेच्या भांड्यांकडे धावतात. तळघरात मी आणि टोपी घातलेले एक आजोबा, दोघंच.

“स्वीपर शोधताय?” त्यांनी विचारलं. इथली जुनी माणसं व्हॅक्यूम क्लीनरला स्वीपरच म्हणतात. त्यात नवल नाही. 1908 साली इथे निघालेल्या कंपनीचं नावच मुळी इलेक्ट्रिक सक्शन स्वीपर कंपनी असं होतं. हूवर हे नाव पुढे आलं.

इस्त्रीच्या टेबलामागे होता तो हूवर कन्व्हर्टिबल. हे मॉडेल 1957 साली आलं. हा साठच्या दशकातला असावा. वायर शाबूत, दांड्याची कमान ताठ, पिशवीला ओलीचा वास नाही. शेजारी लाकडी पेटीचा बिसेल कार्पेट स्वीपर, विजेशिवाय चालणारा. दोन्हींची मिळून किंमत एका पिझ्झाएवढी. मी घासाघीस केली नाही. शेवटच्या दिवशी निम्म्या किमतीत मिळालंही असतं, पण तोवर कुणी पिशवी कापून नेली असती तर?

आजोबांची आई हूवरच्या कारखान्यात आर्मेचर गुंडाळायची. त्यांच्या लहानपणी गावात बहुतेक घरी कुणी ना कुणी त्या कारखान्यात होतंच. महायुद्धाच्या काळात लंडनजवळच्या पेरिवेलच्या हूवर कारखान्यातल्या लोकांची मुलं बॉम्बपासून दूर म्हणून इथल्या घरांमध्ये येऊन राहिली होती. त्यांच्यातला एक मुलगा यांच्या गल्लीत होता म्हणे, आणि बेसबॉलची बॅट क्रिकेटसारखी धरायचा. हे ऐकता ऐकता मी हूवर उलटा करून ब्रश पाहत होते. केस अडकलेले, पण पट्ट्या सरळ. घेतला.

साडेदहा

येताना गाडी मुद्दाम मेन स्ट्रीटवरून घेतली. लाल विटांचा तो प्रचंड कारखाना अजून उभा आहे, पण 2007 साली तिथलं उत्पादन बंद झालं. पुढे तिथे गाळे आणि घरं करण्याचं ठरलं.

सगळं सुरू झालं ते इथून काही मैलांवर, कॅन्टनमधल्या एका दुकानात. जेम्स मरे स्पँग्लर तिथे झाडलोट करायचा. दम्याचा माणूस, आणि काम धुळीचं. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक खोकं बनवलं. पण खरी गंमत त्या खोक्याच्या तोंडाशी होती: तिथे त्याने फिरता ब्रश बसवला होता. 2 जून 1908 रोजी त्याला पेटंट मिळालं. त्याच्याकडे भांडवल नव्हतं. विल्यम हेन्री हूवर चामड्याचा माल बनवायचा आणि मोटारी आल्यावर घोड्यांच्या खोगिरांचं पुढे काय होणार हे त्याला दिसत होतं. त्याने हक्क विकत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये जाहिरात दिली: दहा दिवस फुकट वापरून पाहा. ज्यांनी पत्रं पाठवली त्यांना यंत्र थेट न पाठवता त्यांच्या गावातल्या दुकानदारामार्फत पाठवलं, आणि तोच दुकानदार पुढे एजंट झाला. धंद्याची ही अक्कल मला त्या यंत्राइतकीच आवडते. स्पँग्लर मात्र 1915 साली गेला. आपलं खोकं घरोघरी पोचलेलं त्याला फारसं पाहायला मिळालं नाही.

अकरा

घरी आल्यावर पहिलं काम अंगणात, तोंडाला मास्क लावून. जुनी पिशवी घरात उघडायची नाही. साठ वर्षांच्या धुळीत रंगातलं शिसं असू शकतं, कीटकनाशकाची भुकटी असू शकते. आजच्या पिशवीतून करड्या लोकरीसारखा एक गठ्ठा निघाला. त्यात ख्रिसमसच्या झाडाच्या सुया, कुत्र्याचे पांढरे केस, शर्टाचं बटण, दोन पेनी. सगळ्यात खाली वाळू. बारीक, जड आणि चिमटीत धरली तर टोचणारी. गालिच्याला मारते ती हीच वाळू. वरचा केरकचरा डोळ्यांना दिसतो म्हणून आपण तो काढतो. वाळू धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते आणि पाय पडला की धागा कापते.

मग मोटर. जुनं यंत्र थेट प्लगात घालणारे लोक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. मी पुण्यातल्या वायरमनकडे पाहिलेला सिरीज बोर्डच वापरते: मधे शंभर वॉटचा साधा बल्ब, त्यातून पुढे यंत्र. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि यंत्राला काही होत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब मंद लागतो आणि मोटर आळसावल्यासारखी फिरू लागते. आज बल्ब मंद लागला. कार्बन निम्मे झिजलेले, कॉम्युटेटर तपकिरी आणि गुळगुळीत, म्हणजे मोटरने आयुष्य नीट काढलंय. काळा आणि खडबडीत असता तर दुपार गेली असती. बेअरिंगमधलं ग्रीस वाळून मेण झालं होतं, ते धुऊन नवं भरलं.

पट्टा बाहेर काढला. रबराचा चपटा पट्टा, मोटरच्या दांड्यापासून ब्रशपर्यंत जाणारा. नव्याच्या शेजारी धरला तर बोटभर लांब झालेला. हा पट्टा मी टाकला नाही. चिठ्ठी लावून बाजूला ठेवला, दुपारी लागणार होता.

दीड

कालची आमटी आणि भात. नवऱ्याने विचारलं, “आज गॅरेजातून कितीला बाहेर येशील?” मी म्हटलं, काटा काय म्हणतो त्यावर.

दोन

गॅरेजमध्ये आर्द्रता कमी करणारं यंत्र सकाळपासून चालू असतं. ओहायोच्या उन्हाळ्यात हवा दमट असते आणि गालिचा पाणी पितो. मग वजन धुळीचं की दवाचं कळत नाही. चाचणीचा गालिचा नायलॉनचा, कापलेल्या धाग्यांचा, खाली फोमचं अस्तर. नवा असताना तो स्वतःचेच तंतू सोडत होता, म्हणून वजन स्थिर होईपर्यंत त्याला साफ करत राहावं लागलं.

अमेरिकेतल्या प्रमाणित चाचणीत 100 ग्रॅम कचरा वापरतात: नऊ भाग सिलिका वाळू, एक भाग टाल्कम पावडर. ती गालिच्यावर सारखी पसरायची, रोलरने आत बसवायची, ठरलेल्या वेगाने यंत्र पुढे-मागे फिरवायचं आणि किती कचरा निघाला ते तोलून पाहायचं. प्रयोगशाळेतली काटेकोर साधनं माझ्याकडे नाहीत. पण एकाच गालिच्यावर, एकाच हाताने, मेट्रोनोमच्या ठेक्यावर केलं तर यंत्रांची आपसातली तुलना खरी ठरते.

आधी सक्शन. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात भिंतीवर ठोकली आहे, आत रंगवलेलं पाणी. यंत्राचं तोंड नळीच्या एका टोकाला घट्ट लावलं की पाणी एका बाजूने चढतं. इलेक्ट्रोलक्स ट्रिपल एक्स लावला. हा 1937 सालचा नमुना, लुरेल गिल्डने आखलेला, बंदुकीच्या गोळीसारखा लांबट, खाली बर्फगाडीसारख्या पट्ट्या. पाणी सरसर चढलं. मग हूवर लावला. त्याचं पाणी निम्म्यावरही पोचलं नाही. पाहणाऱ्याचा निकाल इथेच लागतो.

मागे वळून बघितलं तर हा सक्शनचा मोह फार जुना आहे. 1901 साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथने एक यंत्र पाहिलं, ते हवा फुंकून धूळ उडवत होतं. फुंकण्यापेक्षा ओढलं तर? म्हणून त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, तोंड लावलं आणि श्वास आत घेतला. रुमालाच्या खालच्या बाजूला काळा गोल उमटला. त्याचं यंत्र घोडागाडीएवढं होतं, पेट्रोलच्या इंजिनावर चालायचं, रस्त्यावर उभं राहायचं आणि खिडक्यांतून नळ्या आत जायच्या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. त्या रुमालाची सावली या धंद्यावर अजून आहे. किर्बीचे विक्रेते घरी येतात तेव्हा आजही कापडाच्या चकत्यांवर तुमच्याच गालिच्यातली धूळ मांडून ठेवतात. ओरेकच्या जाहिरातीत तर व्हॅक्यूमच्या नळीने बोलिंगचा सात किलोचा चेंडू उचलून दाखवत. चेंडू उचलायला दाब गुणिले क्षेत्रफळ एवढं पुरतं; तोंड चेंडूने बंद केलेलं असतं. गालिच्यावर तोंड कधीच बंद होत नाही. चारही बाजूंनी हवा येते, आणि वाळूचा कण मुळाशी गुपचूप बसून राहतो.

आता वाळू. इलेक्ट्रोलक्सचं सपाट तोंड लावून ठरलेले हात मारले. गालिचा वरून लख्ख. काट्यावर ठेवला, तर निम्म्याहून जास्त वाळू आतच.

मग नव्या पट्ट्यासह हूवर. चालू करताच आवाज बदलतो. इलेक्ट्रोलक्सची शीळ असते, याची घरघर. कान जवळ नेला तर घरघरीच्या आत एक तडतड ऐकू येते. ती पट्ट्यांची. हूवरने 1926 साली आपल्या 700 नंबरच्या मॉडेलमध्ये ब्रशच्या रुळावर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवल्या. हवा गालिच्याला जमिनीवरून किंचित उचलून तोंडाशी आणते, पट्टी त्याच्यावर टपली मारते, ब्रश धागे विंचरतो. कण मुळापासून उडी मारतो, आणि उडालेल्या कणाला न्यायला फारसं सक्शन लागत नाही; वाहती हवा पुरते. आपल्याकडे सतरंजी कठड्यावर टाकून काठीने झोडतात, तेच हे यंत्र मिनिटाला हजारो वेळा करतं, फक्त धूळ शेजारणीच्या अंगणात न जाता पिशवीत जाते.

काट्यावर ठेवलं. इलेक्ट्रोलक्सने आत सोडलेल्या वाळूच्या तुलनेत हूवरची उरलेली वाळू अगदीच थोडी. आणि याच हूवरचं पाणी यू नळीत निम्म्याआधीच अडलं होतं.

आता आजचा खरा प्रयोग. सकाळी बाजूला ठेवलेला ताणलेला पट्टा पुन्हा त्याच यंत्रात घातला. मोटर तीच, पिशवी तीच, सक्शन तेवढंच. जमिनीवर टेकवण्याआधी ब्रश झकास फिरत होता. गालिच्यावर टेकवला की मंदावत होता, दाबला तर थांबत होता. काटा इलेक्ट्रोलक्सच्या आकड्याजवळ जाऊन बसला. दोन-चार डॉलरचा रबराचा तुकडा. दुरुस्तीला येणारा दर दुसरा माणूस म्हणतो, सक्शन गेलं. आणि पट्टा बदलून दिला की म्हणतो, आता काय सक्शन आहे! मी हल्ली समजावत बसत नाही.

इलेक्ट्रोलक्सला मी नावं ठेवते असं नाही. त्याची मोटर पिशवीच्या मागे आहे, तिच्यापर्यंत गाळलेली हवा येते, म्हणून ती ऐंशी वर्षांनंतरही नव्यासारखी आहे. पडदे, पुस्तकं, जिना, लाकडी जमीन यांवर त्याच्यासमोर हूवर बोजड वाटतो. पण गालिच्याबाबत त्याच्या कंपनीलाही साठच्या दशकात वेगळी मोटर असलेलं फिरत्या ब्रशचं तोंड जोडावंच लागलं.

साडेचार

किर्बी. 1967 ते 1970 मधला ड्युअल सॅनिट्रॉनिक 80, क्लीव्हलँडमध्ये बनलेला. पॉलिश मारलं की अल्युमिनियमचं अंग आरशासारखं होतं, आणि उचलला की पाठ आठवते. याच्यात धूळ आधी पंख्यातून जाते, मग पिशवीत. मधे नळी नाही, वळणं नाहीत, म्हणून हवा भरपूर. तोटाही तोच: एखादं नाणं आत गेलं की थेट पंख्याच्या पात्यावर आपटतं आणि अख्खी गल्ली ऐकते. वाळूच्या चाचणीत त्याने हूवरला हरवलं, पण थोडक्यात, आणि एवढं वजन ढकलून.

संग्रह पाहायला येणारे मात्र या सगळ्यांना सोडून हूवर कॉन्स्टेलेशनकडे जातात. 1954 सालचा गोल चेंडू. नंतरच्या नमुन्यांमध्ये बाहेर टाकायची हवा खालून सोडली, त्यामुळे तो जमिनीवर तरंगतो आणि बोटाने ओढला तरी मागे येतो. पोरं वेडी होतात. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे फारसं काही लिहिलेलं नाही.

सहा

सकाळचा बिसेल उघडला. मेल्व्हिल बिसेलने मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्समध्ये 1876 साली याचं पेटंट घेतलं. तो 1889 मध्ये गेला आणि बायकोने, ॲना बिसेलने, कंपनी हातात घेतली. अमेरिकेत एवढी मोठी कंपनी चालवणाऱ्या पहिल्या बायकांमध्ये तिचं नाव घेतात. यंत्रात वीज नाही, हवा नाही. चाकं फिरली की ब्रश फिरतो आणि कचरा दोन बाजूंच्या डब्यांत पडतो. पोहे सांडले, धागे पडले, तर अजूनही हाच लागतो.

त्याच्या शेजारी रेजिनाचा इलेक्ट्रिकब्रूम ठेवला. न्यू जर्सीतल्या राहवेची रेजिना कंपनी आधी धातूच्या चकत्यांवर वाजणाऱ्या संगीतपेट्या बनवायची. तिने पुढे हा सडपातळ विजेचा झाडू काढला: एका हातात उचलता येतो, पिशवीऐवजी कप, ब्रश नाही. दोघांना वाळू दिली. बिसेलने मुळातली वाळू हलवली, पण ती नेणारी हवा त्याच्याकडे नव्हती. रेजिनाकडे हवा होती, हलवणारं काही नव्हतं. दोघांचं उरलेलं वजन जवळपास सारखं आलं. मग गंमत म्हणून आधी बिसेल फिरवला आणि लगेच त्याच्यावरून रेजिना. निकाल सुधारला. स्पँग्लरच्या खोक्यात ही दोन्ही कामं एकत्र होती, आणि त्याने तर ते उशीच्या अभ्र्यात केलं होतं.

आठ

साताऱ्याला पहाटेचे साडेपाच. आई उठलेली असते, म्हणून फोन.

“एवढे झाडू कशाला गं तुला?” हा प्रश्न ती दर वेळी विचारते, आणि मला तिचं म्हणणं पटतं. आमच्या घरात मोझेकची फरशी. केरसुणी फिरली आणि ओलं फडकं मारलं की संपलं. गालिचाच नाही तर वाळू रुतणार कशात? तरी ऐंशीच्या दशकात टाय लावलेला विक्रेता आमच्याही दाराशी आला होता. युरेका फोर्ब्स 1982 साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत सुरू झाली, आणि घरोघरी जाऊन विकण्याची रीत तिने भारतात रुजवली. त्याने आमच्या कापसाच्या गादीतून धूळ ओढून पांढऱ्या कागदावर दाखवली. बूथचा रुमाल साताऱ्यापर्यंत पोचला होता. वडील कागदाकडे बघत राहिले आणि हप्त्यांवर यंत्र घेतलं.

“अजून चालतंय ते,” आई म्हणाली. “दिवाळीला माळ्यावरून काढतो, पंखे आणि जाळ्या साफ करतो, की परत वर.”

“गादीला लावतेस का?”

“गादी उन्हात टाकली आणि काठीने झोडली की झालं. मशीन कशाला हवं?”

हूवर कंपनीच्या इंजिनियरांना हे 1926 मध्ये सुचलं, म्हणून सांगितलं तर ती म्हणाली, “बरं झालं त्यांना तरी सुचलं.”

साडेनऊ

वही लिहिली. कन्व्हर्टिबलच्या पानावर नव्या आणि ताणलेल्या पट्ट्याचे आकडे शेजारी शेजारी, तारीख, गॅरेजची आर्द्रता. इंडियानातल्या एका जमवणाऱ्या पोराचा निरोप आला होता. त्याच्याकडे हूवर 150 चा ब्रशचा रूळ आहे. 150 म्हणजे 1936 चं, हेन्री ड्रायफसने बेकेलाइटच्या टोपीत आखलेलं मॉडेल. माझ्याकडे त्याचं बाकी सगळं आहे, फक्त रूळ नाही. त्याला बदल्यात इलेक्ट्रोलक्स ट्रिपल एक्स हवाय, माझ्याकडे दुसरा आहे. “मावशी, सक्शन कसं आहे त्याचं?” असं त्याने विचारलंय. माझ्याकडूनच ‘मावशी’ शिकलाय.

लिहिलं, सक्शन उत्तम आहे, गालिच्याला लावू नकोस. रूळ पाठवताना केस काढून, दोन्ही टोकांची बेअरिंगं कागदात गुंडाळून पाठव, आणि पट्ट्यांवर कुठे पोचा आला असेल तर फोटो आधी.